नालबंद सवार

सन १९२०, फेब्रुवारीची आठ तारीख, रविवार, सकाळचे सव्वासहा. वेळ नक्की आठवते, कारण दारावर थाप पडली तेव्हा मी घड्याळाला किल्ली देत होतो. दार उघडले. बाहेर घरमालक उभे होते. अंगात फौजेचा खाकी कोट, पायांना पट्ट्या, डोक्याला नीट बांधलेला फेटा. युद्धावरून परतल्यापासून हा पोशाख त्यांनी एकदाही अंगावर घातला नव्हता. मागे घोडी उभी होती आणि तिच्या पाठीवर खोगीर होते. तेही मी प्रथमच पाहत होतो.

"कारकून," ते म्हणाले, "दौत, लेखणी, कागद घ्या. म्हाळुंग्याला जायचंय."

मी कारण विचारले.

"जबानी लिवायची हाय. माझी."

त्या दिवसाकडे वळण्यापूर्वी माणूस सांगितला पाहिजे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि घोडेगावच्या महालकरी कचेरीत कारकून होतो. आदल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर बदलून आलो. राहण्यास जागा शोधत असता नालबंदाच्या घरी एक खोली रिकामी असल्याचे कळले. खोलीच्या एका अंगाला घोडीचा गोठा होता आणि पुढे छपराखाली त्यांचे काम चाले. बैलांना पत्र्या मारणे, घोड्यांना नाल ठोकणे. ते जातीने नालबंद, धर्माने मुसलमान, वयाने पस्तिशीच्या आतबाहेर. बायको नव्हती. गावातील लोक त्यांना 'भाई' म्हणत. मागे 'सवार' म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा असे, कारण हा सवार घोडीवर कधी बसत नसे.

जागा देताना त्यांनी भाड्याची बोलणी दोन वाक्यांत संपवली. मग म्हणाले, "पाय बघू." मला वाटले, जोडे काढून आत यावे असे ते सुचवीत आहेत. तसे नव्हते. त्यांनी खाली वाकून माझा उजवा पाय घोट्याशी धरला, मागे वळवून उचलला आणि टाच पाहिली. मी भिंतीचा आधार घेतला. "बाहेरच्या बाजूनं झिजवता," ते म्हणाले, "चाळिशीत गुडघा धरंल." गुडघ्याने पुढे चाळिशीचीही वाट पाहिली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला एक पत्र्याचा तुकडा आणून दिला. रॉकेलच्या डब्यातून कापलेला, कडा कानशीने घासलेल्या, वर खिळ्याने ठोकून उमटवलेले माझे नाव आणि मूळ गाव. भोकातून सुतळी ओवलेली. हा बिल्ला गळ्यात घालावा, अशी जागेची अट होती. मी सरकारी नोकर असल्याचे त्यांच्या निदर्शनास आणले. ते म्हणाले की सरकारी नोकरही रस्त्यात मरतात. मी तीन दिवस नकार दिला. चौथ्या दिवशी सदऱ्याच्या आत घातला, कारण गोठ्याशेजारची ती खोली कोरडी होती आणि दुसरी मिळत नव्हती.

बिल्ल्यांचा हा नाद साऱ्या महालात माहीत होता. मुंबईला गोदीत कामाला जाणारा, मेंढरे घेऊन कोकणात उतरणारा, जुन्नरच्या बाजाराला जनावर विकायला निघालेला, जो कोणी गावाबाहेर चार दिवस जाणार असे त्याला ते बिल्ला ठोकून देत. मोल घेत नसत. लोक हसत, पण घालीत, कारण भाईंनी मारलेली पत्री वर्षभर टिके आणि त्यांना दुखवून चालत नसे. एकदा एका पाटलाची मुलगी सासरी निघाली. छकड्यात बसण्यापूर्वी भाई बिल्ला घेऊन हजर. पाटील चिडले. म्हणाले, माझी लेक काय म्हैस आहे?

"म्हैस हरवली तर सारं गाव शोधायला निघतं, पाटील," भाई म्हणाले. "लेक हरवली तर तुमी कुणाला सांगणार बी न्हाई."

मुलीने बिल्ला घेतला व पदराला बांधला.

घोडीबद्दल सांगतो. ती भीमथडीची होती, ठेंगणी, रुंद छातीची, चांगल्या चालीची. तिला रोज दोन वेळा खरारा होत असे. पाणी तिला आधी, दाणा तिला आधी, मग भाईंची भाकरी. हा क्रम मी चार महिन्यांत एकदाही चुकलेला पाहिला नाही. तापाने फणफणलेले असतानाही ते उठून तिला पाणी दाखवीत आणि मग पुन्हा आडवे होत. मात्र बाहेर जाताना ते तिच्या डाव्या बाजूने चालत, तोंडाची दोरी, म्हणजे मोरखी, हातात धरून. बाजारात टवाळ लोक विचारीत, भाई, घोडी तुम्हाला घेऊन चालली की तुम्ही घोडीला? ते शांतपणे सांगत, "ती रजेवर हाय." हा विनोद नव्हता. त्यांच्या हिशेबी फौजेतून सुटलेल्या प्रत्येक घोड्याला रजा मिळायला हवी होती, आणि ती कोणालाच मिळाली नव्हती. रिसाल्याचे घोडे परदेशातच विकून टाकले होते. ही घोडी फौजेत कधी नव्हती, पण ती रजा त्यांनी तिच्या नावे केली होती.

युद्धाविषयी ते बोलत नसत. शाळेच्या मास्तरांनी एकदा त्यांना मुलांपुढे बोलावले. सवार आले, फळ्यासमोर ताठ उभे राहिले आणि घोडा जहाजावर कसा चढवतात हे पाऊण तास सांगितले. पोटाखालून पट्टा घालून कप्पीने वर उचलतात. चारी पाय हवेत लोंबतात. मग तो महिनाभर जहाजाच्या तळात उभा राहतो, कारण तिथे त्याला आडवे होता येत नाही. समुद्र खवळला की माणूस ओकतो आणि मोकळा होतो. घोड्याला ओकता येत नाही. "म्हणून घोड्याला काय व्हतं ते कुणाला दिसत न्हाई," ते म्हणाले. मास्तरांनी मुलांना शौर्याच्या गोष्टी ऐकायच्या आहेत असे सुचवले. भाई म्हणाले की शौर्य आपल्या कामात येत नव्हते, आपण नाल ठोकीत होतो. एवढे बोलून ते गेले.

आमचे महालकरी साहेब अंगाने भारी होते आणि घोड्यावर फिरतीला जात. त्यांचा घोडा डाव्या पायाने लंगडू लागला. भाईंना बोलावले. भाईंनी चारी खूर पाहिले, घोड्याला चालवून पाहिले, मग साहेबांना घोड्यावर बसायला सांगून पुन्हा चालवून पाहिले. सारी कचेरी ओट्यावर उभी होती.

"खोट घोड्यात न्हाई, साहेब," ते म्हणाले. "तुमी डाव्या कुल्ल्यावर बसता."

साहेबांचा चेहरा बदलला. शिरस्तेदार खाली पाहू लागले. भाईंना त्याचे काही नव्हते. त्यांनी सांगितले की पंधरा दिवस घोड्यावर बसू नये आणि त्यानंतर उजव्या खिशात काहीतरी जड ठेवून बसावे. साहेबांनी प्रथम ते मानले नाही. पुढच्या फिरतीत पेठ गावाच्या अलीकडे घोडा बसला तेव्हा मानले. ते पेठेपर्यंत पायी गेले, आणि नंतर त्यांच्या उजव्या खिशात पितळी कुलूप असे. त्याला किल्ली नव्हती.

ही भाईंची पद्धत होती. जे दिसले ते सांगत. म्हणूनच एका माणसाविषयी त्यांनी जे सांगितले होते ते खोटे असेल, अशी शंका कोणालाही येत नव्हती.

त्यासाठी मागे जावे लागते. भाईंचा बाप फिरता नालबंद होता. घोडेगावच्या वरच्या डोंगरांत आणि जुन्नरच्या माळांवर धनगरांचे तांडे हिंडत. त्यांचा संसार तट्टांच्या पाठीवर असे. बाप त्या तांड्यांमागून चाले आणि तट्टांना नाल मारी. आई बाळंतपणात गेली होती. मूल तांड्यातल्या एका बाईने आपल्या मुलाबरोबर वाढवले. त्या बाईच्या मुलाचे नाव म्हसू. दोघे एका घोंगडीत झोपले, एकाच तट्टावर पुढेमागे बसून खोगिराविना शिकले. भाई त्या बाईला मावशी म्हणत. पुढे तिच्या घराने तांडा सोडला आणि महाळुंगे पडवळ येथे थोडी जमीन करून, थोडी मेंढरे राखून स्थायिक झाले.

लढाईपूर्वी दोनेक वर्षे जुन्नरच्या बाजारात भरतीचे साहेब आले. त्यांनी एक अडेल घोडा उभा केला होता आणि बसेल त्याला घेऊ असे सांगितले होते. म्हसू बसला आणि टिकला. भाईंनी बसण्याआधी घोड्याचा पाय उचलला व म्हणाले, याच्या नालाचा खिळा खुराच्या जिवंत भागाला लागतो आहे, हा अडेल नाही. साहेबांनी दोघांनाही घेतले. एकाच तुकडीत दोघे, एक सवार आणि एक नालबंद सवार. फ्रान्सात चिखलात उभे राहिले, तिथून मिसर देशात, तिथून जॉर्डन नदीच्या खोऱ्यात.

त्यांपैकी एक परत आला. १९१९ च्या उन्हाळ्यात भाई पुण्यास उतरून नाशिकच्या रस्त्याने चालत येत होते. पेठेला मावशी रस्त्याच्या कडेला उभी होती. रिसाला परतल्याचे तिने ऐकले होते आणि तीन दिवस ती तिथेच बसून होती. तिने विचारले, म्हसू कुठाय? भाई म्हणाले, "मागनं येतोय."

मावशी घरी गेली व तिने रोज एक भाकरी जास्त थापायला सुरुवात केली. सरकारचा कागद आला त्यात म्हसू बेपत्ता असे लिहिले होते. तिने तो कागद खरा मानला नाही. तिच्यापाशी नालबंदाचा शब्द होता.

म्हसूची बायको हौसा. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर काही महिने राहिली असेल. मूल नव्हते. तिच्या बापाने पाटासाठी स्थळ पाहिले होते. त्यांच्या समाजात विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागतो, त्यात कमीपणा नाही. तो माणूस विधुर होता, दोन लहान मुलांचा, आणि होळीपर्यंत थांबायला तयार होता. त्यापुढे थांबणे त्याला शक्य नव्हते, मुलांना पाहणारे कोणी नव्हते. पण नवरा जिवंत असताना पाट लागत नाही, आणि सासू म्हणत होती की नवरा जिवंत आहे. पंचांनी मार्ग सांगितला होता. सरकारने म्हसू मेल्याचा कागद दिला तर ते सासूला बाजूला ठेवून परवानगी देतील.

म्हणून जानेवारीच्या अखेरीस हौसा बापाबरोबर कचेरीत आली. अर्ज मीच लिहून घेतला. महालकरी साहेबांनी वाचला आणि नियम सांगितला. मरताना किंवा मेलेला ज्याने पाहिला, त्याची प्रतिज्ञेवर जबानी पाहिजे. बाप हात जोडून उभा राहिला. त्याला असा कोणी ठाऊक नव्हता. हौसाने मात्र मान वर केली.

"हाय एक," ती म्हणाली. "इथनं चार घरांवर बसून बैलांला पत्र्या मारतोय."

साहेब म्हणाले की तो तर म्हसू येत असल्याचे सांगतो.

"सासूला सांगितलं त्यानं. येऊन सात-आठ महिनं झालं, एकदा बी आमच्या दारात आला न्हाई. ज्याचा दोस्त जित्ता हाय तो येतो. बसतो, च्या पितो, गप्पा हाणतो. ह्यो म्हाळुंग्याचा रस्ता सोडून लांबनं जातो."

हे खरे होते. मी स्वतः पाहिले होते. मंचरच्या बाजाराला जाताना भाई आडवाटेने दीड कोस जास्त चालत. मी ते घोडीच्या पायांसाठी असेल असे समजत होतो.

कचेरी सुटल्यावर मी खोलीवर आलो तेव्हा हौसा छपराखाली उभी होती. भाईंनी एक बैल पाडून त्याचे चारी पाय बांधले होते आणि ते खूर तासत होते. हौसा म्हणाली, "भाऊ, सासूला तुमी सांगितलं. मला काय बी सांगितलं न्हाई. म्हणून मी इचारतीय."

भाई म्हणाले, "बैल पाडलाय. नंतर."

ती बाजूला बसली. पत्र्या मारून झाल्या. बैल उठला. मालक त्याला घेऊन गेला. भाईंनी मग आमच्या शेजाऱ्याचा बैल सोडून आणला, ज्याला पत्र्या मारून आठ दिवस झाले होते, आणि त्याला पाडला. हौसाने तो बैल पाहिला, त्याच्या पायांतल्या नव्या पत्र्या पाहिल्या आणि उठून बापाबरोबर निघून गेली. पदर तोंडाला लावला नाही. भाईंनी तो बैल काही न करता सोडून दिला. सोडताना गाठ सुटेना, ती त्यांनी विळ्याने कापली. त्यांनी दोर कापलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून त्यांचे माझ्याशी बोलणे बंद झाले. आठवड्याने दारावर ती थाप पडली.

आम्ही सातच्या सुमारास निघालो. भाईंनी मला घोडीवर बसण्यास सांगितले. मी म्हणालो की मला येत नाही. ते म्हणाले की जबानी लिहिणाऱ्याचा हात चालण्याने थरथरू नये, बसा. ते डाव्या बाजूने मोरखी धरून चालू लागले. घोड नदीच्या कडेने वाट होती. पहिला कोसभर ते माझी पाठ, टाचा व गुडघे एवढ्याविषयीच बोलले. मी त्यांनी सांगितले तसे करत गेलो. ऊन वर आल्यावर एका ओढ्याशी त्यांनी घोडीला पाणी दाखवले, स्वतः प्यायले नाहीत, आणि म्हणाले, "आता मी बोलतो. तुमी ऐकून ठिवा. तिथं सारं एका दमात जमायचं न्हाई."

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात देतो.

जॉर्डनच्या खोऱ्यात उन्हाळ्यात काही सवार पहाटे गस्तीवर निघाले, त्यांत म्हसू आणि भाई होते. समोरच्या टेकडीवरून गोळीबार झाला. बाकीचे वळून न पाहता मागे फिरले. म्हसूच्या छातीत गोळी लागली आणि त्याच्या घोड्याचा पुढचा पाय मोडला. भाई एकटे म्हसूकडे परत गेले. म्हसूच्या गळ्याखाली बोटे ठेवून पाहिले. काही नव्हते. घोडा जिवंत होता. त्याला त्यांनी गोळी घातली.

रिसाल्यात प्रत्येक घोड्याचा नंबर खुरांवर डागलेला असे. घोडा मेला तर नालबंदाने कुऱ्हाडीने ते खूर तोडून आणायचे. खूर दाखवल्याशिवाय घोडा मेला असे दफ्तरात लिहीत नसत, कारण घोडे विकून खाणारेही होते. नालबंदाच्या खोगिराला त्यासाठीच कुऱ्हाड अडकवलेली असे. माणसांच्या गळ्यात बिल्ला असे. तोही आणायचा असतो, हे भाईंना माहीत होते.

"हात सवयीनं चाललं, कारकून. म्या कुऱ्हाडीची धार आंगठ्यानं बघितली. खूर तोडलं. फडक्यात बांधलं. गोळ्या येत व्हत्या. घोड्यावर बसलो अन् आलो. छावणीत आल्यावर गळ्याचं आठवलं."

त्यांनी मोरखी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"खूर तोडाय जेवढा येळ लागतो, तेवढ्यात बिल्ला चारदा निघतो."

तुकडीच्या दफेदाराने हजेरी घेतली. भाईंनी खूर पुढे ठेवले. घोडा मेला असे लिहिले गेले. मग दफेदाराने विचारले, म्हसू? कूच करताना कोणी रेंगाळला की जे उत्तर देण्याची सवय असते तेच त्यांच्या तोंडून निघाले, मागून येतोय. त्याच दुपारी त्यांना हिवताप भरला व मिसरच्या इस्पितळात नेले. दीड महिन्याने परतले तेव्हा म्हसू बेपत्ता असे पक्के लिहिले गेले होते. दफेदारही तोवर मारला गेला होता. दुरुस्त करायचे तर खूर आणले आणि माणूस सोडला हे सांगावे लागले असते. ते गप्प बसले.

"पेठेला मावशी रस्त्यावर उभी व्हती," ते म्हणाले. "तिथं म्या सांगणार व्हतो. तोंडातनं तेच निघालं."

मी विचारले की आजच का निघालात. हौसा म्हणाली म्हणून का?

"तिनं बैल बघितला," ते म्हणाले. "जनावराच्या पायाला खोटं बोललो मी त्या दिवशी."

महाळुंग्यास आम्ही साडेदहाला पोहोचलो. हौसा अंगणात शेणी थापत होती. घोडी पाहून तिने हात धुतले, आणि न सांगता गावच्या पाटलांना बोलवायला गेली. पाटील येईपर्यंत भाई अंगणाबाहेर उभे राहिले. मावशी दारात आली. बारीक, उंच, अंगावर काळे घोंगडे. तिने भाईंकडे पाहिले, मग त्यांच्या मागे वाटेवर पाहिले. नंतर माझ्या हातातला कागद पाहिला.

"ये, बस," ती म्हणाली.

"बसायला आलो न्हाई, मावशी. म्हसू न्हाई येणार. म्या त्याला मेलेला बघितला."

पाटील तेवढ्यात आले होते. म्हातारी उंबऱ्यावर बसली. भाई उभे राहिले आणि त्यांनी सारे सांगितले. ओढ्याशी सांगितले होते त्याच शब्दांत, काही न गाळता. मी ओट्यावर बसून लिहीत गेलो. खुराचा भाग आला तेव्हा पाटलांनी हळूच सुचवले की याची गरज नाही. भाई थांबले नाहीत.

म्हातारीने एकच गोष्ट विचारली. "घोडा कुणाचा व्हता?"

"सरकारचा."

"सरकारचं आणलंस," ती म्हणाली. "माझं ठिवून आलास."

"व्हय."

मी जबानी वाचून दाखवली. कचेरीला लागेल तेवढेच मी त्यात घेतले होते. म्हसूस गोळी लागली, गळ्याशी हात लावून खात्री केली, तो मेलेला होता. भाईंनी विचारले की बिल्ला राहिला ते कुठे आहे. दफेदाराला खोटे सांगितले ते कुठे आहे. मी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले. अर्जाच्या निकालास त्याची आवश्यकता नाही. उलट हा कागद फौजेकडे जाईल. गस्तीवरच्या सवाराने दफेदारास खोटी खबर दिली व खरी दीड वर्ष दडवली, हे त्यांच्याच सहीने तिथे पोहोचेल. त्याची शिक्षा काय असते हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

"तेवढं गाळलं तर बाकीचं कोण खरं मानंल?" ते म्हणाले. "म्या आधी येकदा सांगितलंच हाय ना, येतोय म्हणून. आता मेला म्हणतो. का बदललं ते त्यात पायजे. लिवा."

मी लिहिले. त्या वेळी ते मला अनावश्यक वाटले होते. साहेबांनी पुढे नेमकी तीच दोन वाक्ये वाचून अर्ज मंजूर केला, आणि तीच दोन वाक्ये फौजेच्या दफ्तरात गेल्यावर भाईंना पुण्यास बोलावणे आले. ते गेले व चार महिन्यांनी परतले. तिथे काय झाले हे त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. हौसाचा पाट होळीच्या आधी लागला होता.

परंतु त्या रविवारचे राहिले आहे.

पाटलांनी साक्ष घातली. हौसा भिंतीशी उभी होती. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. शेजारच्या दोन बाया आल्या होत्या आणि त्यांपैकी एकीने प्रथेप्रमाणे दगड उचलला. नवरा गेल्याचे कळले की बांगड्या फोडतात. म्हातारी उंबऱ्यावरून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "दगड ठिव. फोडायच्या न्हाईत. पाट लागायचा हाय तिचा. काढून ठिवा."

हौसा खाली बसली आणि एकेक बांगडी काढू लागली. हात कामाने रुंद झाले होते. बांगड्या निघत नव्हत्या. एका बाईने तेल आणले. बराच वेळ लागला. शेवटची बांगडी निघाल्यावर म्हातारी आत गेली आणि तिने दार लावले. भाईंनी एकदा हाक मारली. दार उघडले नाही.

मी निघण्यास तयार होतो. चार वाजायला आले होते. भाई घोडीकडे गेले नाहीत. घराच्या मागे मोकळ्या जागेत मेंढरे रात्री कोंडण्यासाठी लावायची सुतळीची जाळी, तिला वाघूर म्हणतात, बाभळीवर टाकलेली होती. ती दोन ठिकाणी फाटली होती आणि त्यांतले एक भोक कोल्हा सहज जाईल इतके मोठे होते. घरात पुरुष नव्हता. म्हसूचा बाप साथीत गेला होता आणि मेंढरे एक भाडोत्री गडी राखत होता. भाईंनी कोट काढून बाभळीला अडकवला, जाळी खाली ओढली आणि मांडी घालून बसले. त्यांनी हौसाकडे सुतळी मागितली. तिने दिली. ते गाठी मारू लागले. लहानपणी तांड्यात शिकलेली गाठ असावी, कारण ते पाहत नसतानाही बोटे चालत होती. मी शेजारी बसलो.

ऊन कलल्यावर गडी मेंढरे घेऊन आला. भाईंनी एकट्याने मेखा ठोकल्या, जाळी ताणली आणि तोंड उघडे ठेवून बाजूला झाले. मेंढरे आत गेली. त्यांनी तोंड बंद केले, शेवटची मेख दगडाने ठोकली, हाताने हलवून पाहिली. ती थोडी हलत होती. त्यांनी ती उपटली, वीतभर बाजूला घेतली आणि तिथे पुन्हा ठोकली.